यमुनेची सारवणमाती

दत्तजयंतीला चांदीप गावच्या सदानंदच्या अंगणात कीर्तन व्हायचं, आणि बुवांच्या पायाखालची जागा त्याची बायको यमुना स्वतः सारवायची. माती कुठलीही चालायची नाही. मिरचीच्या वाफ्यात गांडुळांनी वर टाकलेल्या मऊ मातीच्या बारीक गोळ्या ती पदरात वेचून आणी. त्या सारवणावर अनवाणी उभे राहिले की बुवा म्हणत, "आईच्या मांडीवर पाय ठेवल्यासारखं वाटतं हो, यमुनाबाई."

यमुना गेल्यानंतरचं हे पहिलंच कीर्तन. सारवण तिच्याच मातीनं करायचं, असं सदानंदनं मनाशी धरलं होतं.

सकाळपासून तो वाफ्यात उकिडवा बसून होता. एक गोळी सापडेना. एव्हरशाईन सिटीतून त्याची लेक उन्नती आली होती. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिनं चिमूटभर माती भिंगाखाली धरली.

"बाबा, मातीत उड्या मारणारे बारीक पांढरे किडे असतात ना, तेही फारसे दिसत नाहीत."

"गेले कुठं? जागा बिल्डरला दिली का काय?"

उन्नती हसली नाही. तिनं वाफ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकच्या मल्चिंग पेपरचा काळा चुरा बोटावर घेतला. "हा उन्हानं पिचत जातो. शेवटी इतका बारीक होतो की या भिंगालाही दिसणार नाही. नॅनोप्लास्टिक. मातीबरोबर गांडुळांच्या, या किड्यांच्या पोटात जातं. खाणं मंदावतं, पिल्लं कमी होतात. हेच एक कारण असेल असं नाही, पण हेही असणार."

 तण उगवू नये म्हणून तो कागद सदानंदनं यमुनेसाठीच आणला होता. खुरपून खुरपून तिची कंबर धरायची. कागद अंथरला त्या दिवशी ती बांधावर पाय पसरून बसली नि म्हणाली, "आता मी रानीच झाले की."

दुपारी बांधाच्या टोकाला, रामफळाच्या सावलीत, कागद पोचला नव्हता तिथं ओंजळभर गोळ्या दिसल्या. ताज्या, ओलसर. सदानंदनं उपरणं पसरलं, हात पुढे केला आणि तसाच थांबला.

"घ्या की, बाबा. बुवांच्या पायापुरती पुरेल."

"राहू दे. नांदतायत तिथं नांदू दे." त्यानं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. "जरा पानी शिंपड त्यांच्यावर."

संध्याकाळी साध्याच मातीच्या सारवणावर बुवा उभे राहिले. नमन झालं, आणि त्यांनी हळूच खाली पाहिलं. "सदानंदा, खडे लागतात रे आज."

"माती माहेरी गेलीय, बुवा. आणायची आहे."

बुवांनी डोळे मिटले आणि अभंग धरला.

दुसऱ्या दिवशी सदानंदनं रामफळाच्या बाजूनं कागद उपटायला घेतला. ऊन चढलं तशी कंबर धरली. तो बांधावर पाय पसरून टेकला, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.