एका सिगारेटीएवढा वेळ

माझ्या पुस्तकबांधणीच्या खोलीत घड्याळ नव्हतं. कधी लागलंच नाही. पुस्तकाच्या पाठीला सरस लावला की एक सिगारेट ओढायची. ती संपली की पाठ हलकेच ठोकून गोल करायची. पुठ्ठ्यावर कापड चिकटवलं की दोन. जाड शब्दकोश असेल तर तीन. दमट हवेत सरस सावकाश सुकतो आणि सिगारेटही सावकाश जळते, म्हणून हे माप चुकत नाही, असा माझा समज होता. तो खरा असेलच असं नाही. माझं बरंचसं ज्ञान बांधायला आलेल्या पुस्तकांतलं आहे, आणि ती मी बहुतेक मधूनच वाचलेली आहेत.

चाळीस वर्षं हे असं चाललं. मग एका सकाळी ताईचा फोन आला.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिची फुप्फुसं थकली आहेत; कुणी रस्त्यापलीकडे सिगारेट पेटवली तरी हिला इकडे ढास लागते. ती मुलाकडे राहायची, पण त्याची बदली दूरच्या थंड गावी झाली होती आणि तिथली हवा तिला सोसणार नव्हती.

"वाळव्या," ती म्हणाली. लहानपणी मी सदा पुस्तकांत घुसलेला असायचो, तेव्हापासून मी तिचा वाळव्या. "तुझ्याकडे यायला मला आवडेल. पण तुझं घर म्हणजे धुराडं. दीड महिना आहे. खोलीत धुराचा वास आला तर मी दारातूनच मागे फिरेन आणि वृद्धाश्रमात नाव घालेन. रागाने नाही रे. श्वासाचा प्रश्न आहे."

मी "बरं" म्हणालो. फोन ठेवला आणि सवयीने एक पेटवली. ती पेटल्यावर मला कळलं की मी काय कबूल केलंय. पत्नी गेल्यापासून मी ज्या माणसाशी न अडखळता बोलतो असं एकच माणूस उरलं आहे, आणि ते आता एकतर माझ्या समोरच्या खुर्चीत बसणार होतं, नाहीतर वृद्धाश्रमात जाणार होतं.

औषधांच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईंना विचारायची लाज वाटली म्हणून आधी खोकल्याच्या गोळ्या मागितल्या, मग कापूस, मग बँडेज.

"काका, लढाईवर निघालात का?" बाई म्हणाल्या. "खरं काय हवंय ते सांगा, मागे माणसं उभी आहेत."

मी सांगितलं. त्यांनी दंडाला लावायच्या पट्ट्या दाखवल्या, चघळायच्या गोळ्या दाखवल्या. किंमत ऐकून मी उगाच चष्मा पुसत बसलो.

"राहू द्या," त्या आवाज उतरवून म्हणाल्या. "तलफ आली की पेलाभर पाणी घ्यायचं, घोट घोट. लवंग धरायची दाढेखाली. लांब श्वास घ्यायचे, मोजून. पाय चालत असतील तर कोपऱ्यापर्यंत चालून यायचं. तलफ थोडा वेळ दारात उभी राहते, बसायला दिलं नाही की जाते. नाहीच जमलं तर डॉक्टरांकडे जा, लाजू नका. यातलं काहीच मी विकत नाही, म्हणून विश्वास ठेवा."

सुरुवातीचे दिवस मला नीट आठवत नाहीत. दुपारी खुर्चीत डोळा लागायचा आणि विलक्षण स्वप्नं पडायची. एकदा मांडणीवरची सगळी पुस्तकं सावकाश उघडत होती, मिटत होती, आणि त्यांच्यातून पांढरं धुकं निघून छताशी साचत होतं. मी त्या धुक्यात शिडी लावून चढलो तर वर ताई बसलेली, सात-आठ वर्षांची, दोन वेण्या घातलेली. ती नुसतीच खिडकी पुसत होती. जागा झालो तेव्हा तोंडात लवंगेचा तिखटपणा होता आणि ऊन जमिनीवरून भिंतीवर चढलेलं.

चौथ्या दिवशी एका शाळेचा जुना नकाशासंग्रह बिघडवला. सरस लावला, आणि पुढे काय करायचं ते कळेना. अंदाजाने पाठ ठोकली. ओल्या सरसावर पानं सरकली, अख्खा समुद्र वाकडा होऊन डोंगरांखाली गेला. नकाशे सोडवून, पुसून पुन्हा शिवताना मी घड्याळ विकत घ्यायचं ठरवलं. पण घड्याळाला हवा कोरडी की दमट हे कुठं कळतं. शेवटी श्वास मोजायला लागलो. लांब श्वास, नाकाने आत, तोंडाने बाहेर. साठाला पाठीवर बोट टेकवायचं. चिकटलं तर आणखी वीस. बोट न चिकटता निघायचं तेव्हा तलफही कुठंतरी गेलेली असायची. ही युक्ती माझी की बाईंची, सांगता येणार नाही.

एकोणिसाव्या दिवशी घसरलो. एका जुन्या कादंबरीत मीच कधीतरी खूण म्हणून घातलेली सिगारेट सापडली, वाळून पट्टीसारखी सपाट झालेली. जिन्याखाली जाऊन अर्धी ओढली. तिला जुन्या कागदाची चव होती. उरलेली नळाखाली भिजवली आणि बराच वेळ तिथेच उभा राहिलो.

नंतर नाही. पडदे धुतले, भिंतींना चुना दिला, खिडक्या उघड्या टाकल्या.

ताई ठरल्या दिवशी आली. भाचा तिचा दंड धरून जिना चढवत होता. प्रत्येक पायरीवर ती थांबायची. दारात आल्यावर तिने डोळे मिटले आणि हवा हुंगली.

"सरस," ती म्हणाली. "चुना. लवंग." मग पुन्हा एकदा हुंगून, "धूर नाही."

तिथेच गप्प बसलो असतो तर भागलं असतं. पण ताईपुढे मला कधी लपवता आलं नाही.

"एकदा ओढली," मी म्हणालो. "अर्धी. एकोणिसाव्या दिवशी."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. "मामा, कशाला सांगितलंत? बरं चाललं होतं."

"आणि आत्ता?" ताईने विचारलं. "आत्ता हवीशी वाटतेय?"

"फार," मी म्हणालो. हात आपोआप खिसे चाचपत होते.

ती खुर्चीत बसली. तीस वर्षं ती टेलिफोन केंद्रात परगावचे फोन जोडायची. तीन मिनिटं झाली की बोलणाऱ्यांना सांगावं लागायचं, आणि हे ती घड्याळाकडे न पाहता सांगायची.

"बस समोर," ती म्हणाली. "बोलू नकोस."

आम्ही बसलो. खिडकीतून पडद्याची सावली यायची, ताईच्या पायांवरून जायची, परत यायची. खोली हळूहळू पाण्याखाली गेल्यासारखी झाली. खाली कुणीतरी सायकलची घंटा वाजवली, ती फार लांबून आल्यासारखी वाटली. मला ताईचा श्वास ऐकू येत होता, बारीक, शिट्टीसारखा.

"तीन मिनिटं झाली," ताई म्हणाली. "वाढवून हवीत?"

"हवीत."

पुन्हा तेच ऊन, तीच सावली. तिने दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा माझे हात मांडीवर स्वस्थ पडलेले होते. किती वेळ पडले होते, मला माहीत नाही.

"गेली?"

"गेली. पण परत येईल, ताई. खोटं कशाला बोलू."

तिने खोलीभर पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, उठेल आता.

भाचा दारात चुळबुळत उभा होता. "आई, काय ठरलं? खाली गाडी उन्हात आहे. बॅगा दोन्ही आणू का?"

"एक आण," ताई म्हणाली. "आठ दिवसांची. दुसरी गाडीतच असू दे, पुढच्या आठवड्यात तू बदलीच्या गावी निघण्याआधी बघू."