रोजचा वापर, पण कुणाचा?

केरळातल्या पय्यन्नूरच्या वाचनालयातल्या संगणकांना जुनी प्रणाली झेपेनाशी झाली, तेव्हा समितीनं एक नवी, फुकट मिळणारी लिनक्स प्रणाली पारखायचं काम बाबुराजवर सोपवलं. गावात त्याच्याइतकं लिनक्स कुणाला कळत नाही, असं सगळे म्हणत. सगळ्यात आधी तो स्वतः.

त्यानं ती एका संगणकावर चढवली आणि चहा निवायच्या आत निकाल दिला.

"खेळणं आहे हे, चेची. केवढाली बटणं! ज्याला आज्ञा टाइप करता येत नाहीत, त्यानं संगणकाला हात लावूच नये. माझी नेहमीचीच प्रणाली टाकू."

"वापरणाऱ्यांना विचारलंस?" ग्रंथपाल थंकमणी, सगळ्या गावाची चेची म्हणजे ताई, म्हणाली.

"त्यांना काय कळतंय?"

बाकावर मोयतीनमाष बसले होते. निवृत्त इतिहासशिक्षक, म्हणून सगळ्यांचे 'माष', म्हणजे मास्तर. दृष्टी गेल्यापासून कुणी पेपर वाचून दाखवेल या आशेनं रोज येत.

"मला बसव तिथं," ते म्हणाले.

बाबुराज हसला. "तुम्ही काय बघणार, माष?"

"तू काय बघितलंस, ते बघतो."

थंकमणीनं त्यांना खुर्चीत बसवलं, नव्या प्रणालीतला वाचून दाखवणारा आवाज शोधून सुरू केला, आजचा पेपर उघडला. संगणक मल्याळम बोलू लागला. आवाज सर्दी झाल्यासारखा, मधूनच अडखळणारा. माष कळफलक चाचपत पुढं सरकत राहिले आणि निधनवार्तांच्या पानावरच्या एका जाहिरातीशी थांबले.

"कुंजंबूच्या वर्षश्राद्धाची जाहिरात? म्हणजे माझा जुना मित्र गेला? मला कुणी वाचूनच दाखवलं नाही."

थंकमणीनं मान खाली घातली. त्यांना वाईट वाटू नये म्हणून सगळेच ते पान गाळत असत.

"आता तुझी लाव," माष बाबुराजला म्हणाले.

बाबुराजनं शेजारच्या संगणकावर आज्ञांवर आज्ञा टाइप केल्या. त्याच्या आवडत्या प्रणालीतून मल्याळमचा शब्द काही फुटला नाही.

"परीक्षा घेतलीस तेव्हा तुझ्या लेखी खोलीत तुझ्याशिवाय कुणीच नव्हतं रे," माष म्हणाले. "इतरांची कीव करायला अक्कल लागत नाही. त्यांच्या खुर्चीत बसायला लागते."

दुपारभर बाबुराज वाचकांना एकेक करून नव्या प्रणालीसमोर बसवत होता. तिच्यावर प्रिंटर चालेना, हेही त्यानं समितीला सांगितलं; तो मी चालवून देतो, म्हणाला. "पण प्रणाली हीच घ्या. माझी पारख चुकली."

मंडळी, बाबुराजसारखे तज्ज्ञ प्रत्येक गावात आहेत, आणि त्यांचा तोरा आपणच पोसतो. सगळ्यांसाठी काही निवडायचं असेल, तर ज्याला आपण मोजत नाही, त्याला आधी विचारावं.