न वाजणारा खाऊ

मित्रांनो, ज्याच्या डोक्यावर हल्ली टेलिफोन बसतो, तो जुना टीव्ही मीच. काळा-पांढरा, लाकडी पेटीचा, पुढे सरकत्या शटरचा. शटरची डावी बाजू कधीची अडकली आहे, ती आता बंद होत नाही. उजवी होते. तेव्हा अर्ध्या दारातून घर बघतोय असं समजा आणि दोन शब्द ऐकून घ्या. तुम्ही आमचं फार ऐकलंत. पण ते आमचं नसायचं, दिल्ली-मुंबईचं असायचं. हे माझं आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. ओळीत बसलेल्या बाया माझ्या पोटात तारा जोडत होत्या आणि जोडता जोडता आपापल्या मुलांविषयी बोलत होत्या. म्हणजे आईचं बोलणं मी जन्माच्या आधीपासून ऐकत आलोय म्हणा ना! तिथून खोक्यात बसून, ट्रकचे धक्के खात मी चोपड्याला चंपालाल शेठजींच्या दुकानात आलो. तिथे मला भिकुबाईने पाहिलं.

भिकुबाई चोपड्याजवळच्या एका गावची. नवरा लोटन, केळीची बाग, थोडा कापूस. मुलगी कुंदा तेव्हा नऊ वर्षांची, धाकटा कौतिक चार वर्षांचा. साल सत्त्याऐंशी. लोटनला मी नको होतो. टीव्ही हवाच कशाला, म्हणून दुकानाच्या पायरीवरच तो अडून बसला.

"कसाले जोयजे टीवी? बठ्ठा गाव त्या मंजुळाबाईना घर दखस, आपली पोरबी दखी लेई."

"तेच तर सांगस मी," भिकुबाई म्हणाली. "मनी पोर दर रविवारे दुसराना उंबराजोडे चपलासमा बसस. मनी पोर मना घरमा बसाले जोयजे."

माझी भाषा बातम्यांची, त्यांची खानदेशी. पहिल्या दिवशी मला निम्मंच कळलं. पण 'मनी पोर', म्हणजे 'माझी पोर', हे दोन शब्द कळले. शेठजींनी माझ्यावरची धूळ पुसली, आणि बैलगाडीत, कडब्याच्या गादीवर बसून माझी स्वारी निघाली.

काय थाट होता माझा! भिकुबाईने मला हळद-कुंकू लावलं. ओसरीच्या मोठ्या खोलीत, देवाच्या कोनाड्याखाली मला जागा दिली. लोटन गच्चीवर चढून अँटेना फिरवायचा आणि वरून ओरडायचा. खालून अख्खी आळी एका सुरात उत्तर द्यायची. रविवारी सकाळी तर घरात पाय ठेवायला जागा नसायची. आता चपला भिकुबाईच्या उंबऱ्याशी पडायच्या. तिला त्याचाच केवढा अभिमान! आणि कुंदा सगळ्यात पुढे, घरची मालकीण, मांडी घालून. आईच्या मनासारखं झालं. पोर घरात बसली.

फक्त एक गोष्ट भिकुबाईच्या ध्यानात आली नव्हती. पोर घरात बसली, पण पाठमोरी बसली. मला कुंदाचा चेहरा दिसायचा. आईला दिसायची तिची वेणी.

आधी तिला ते फारसं जाणवलं नाही. हाक मारली की कुंदा "हूं" म्हणायची. मग दोन हाका लागायला लागल्या, मग तीन. शाळेत काय झालं, कोण कोणाशी भांडलं, गुरुजींच्या धोतराला शाई कशी लागली, हे सगळं पूर्वी भाकरीबरोबर पोटात जायचं. आता भाकर तेवढी जायची. तोंड माझ्याकडे, हात ताटात. एकदा तर कुंदाने चटणी म्हणून मिठात घास बुडवला आणि तसाच खाल्ला, तुमची शपथ!

तुम्हाला गुलाबाई ठाऊक आहे ना? भादव्याच्या पुनवेला आमच्याकडे मातीची गुलाबाई बसते, ती कोजागिरीपर्यंत. आळीतल्या पोरी रोज संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात. गाणी झाली की त्या घरची बाई झाकणाचा डबा आणते, कानाशी धरून वाजवते आणि विचारते, आत खाऊ काय? आवाजावरून ओळखायचं. मुरमुरे सळसळतात, फुटाणे टणटणतात, खडीसाखर खुळखुळते. ओळखल्याशिवाय झाकण निघत नाही, हा नियम. देवाला चुकवता येईल, पण हा नियम चुकवता येत नाही.

यात भिकुबाईचा हात धरणारी अख्ख्या गावात कोणी नव्हती. सगळ्या बाया वाजणारा खाऊ ठेवायच्या. ही न वाजणारा ठेवायची. सांजोऱ्या करायची, गूळ-रव्याचं सारण भरून, मंद आचेवर तळून. त्या धुवट फडक्यात घट्ट गुंडाळून डब्यात बसवायची. डबा कितीही हलवा, आतून नुसतं धप् धप्. पोरी रडकुंडीला यायच्या. तिला हे तिच्या आईने शिकवलं होतं, गाणीही तिनेच दिली होती. भिकुबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. जे होतं ते तोंडात आणि हातात, आणि ते तिला कुंदाला द्यायचं होतं. एवढीच तिची इस्टेट म्हणा.

अठ्ठ्याऐंशी सालची ती संध्याकाळ मी विसरू शकत नाही. रविवार होता. सकाळभर बागेत काम करून भिकुबाई दुपारीच घरी आली, सांजोऱ्या तळल्या. पोरी जमल्या. पण त्या दिवशी गाण्यांना घाई झाली होती. एका गाण्याची चार कडवी, दुसऱ्याची दोन, तिसरं तर सुरू होतानाच संपलं. भिकुबाई डबा आणायला आत वळली. आणि तेवढ्यात कोणीतरी माझं बटण दाबलं. सिनेमाची वेळ झाली होती.

ती डबा घेऊन बाहेर आली. सगळ्या पोरींच्या पाठी.

"वळखा व, काय शे मना डबामा?"

तिने डबा हलवला. धप् धप्. कोणी वळलं नाही. तिला वाटलं, ऐकू गेलं नसेल. तिने पुन्हा हलवला, जरा जोरात. माझ्यात नेमकं गाणं सुरू झालं होतं. मी काय करणार? माझा आवाज माझ्या हातात नसतो, मित्रांनो. मला त्या वेळी इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली! वीज जाऊ दे म्हणून मी मनातल्या मनात नवस बोललो. एरवी दिवसातून दहा वेळा जाणारी वीज, त्या दिवशी ठाण मांडून बसली होती.

पुढच्या ओळीत कुंदा होती. डबा दुसऱ्यांदा वाजला तेव्हा तिचे ओठ हलले. मला वाटलं, गाण्याबरोबर हलले असतील.

भिकुबाईने डबा खाली केला. मग डबा घेऊन आत गेली. कोणी ओळखलं नाही, म्हणून तिने झाकण काढलं नाही. सिनेमा संपल्यावर पोरी निघून गेल्या. त्यांनी खाऊ मागितलाही नाही. सकाळी तिने त्या सांजोऱ्या गायीला घातल्या. त्यानंतर त्या घरात सांजोरी झाली नाही. गुलाबाई दरवर्षी बसायची, डब्यात मुरमुरे असायचे.

लोटनने एकदा विचारलं, इतकं वाईट वाटतं तर टीव्ही विकून टाकू का? ती म्हणाली, "मीच आनेल शे. आते कोणले बोलू?"

रागावली नाही हो ती माझ्यावर. रागावली असती तर बरं वाटलं असतं. ती रोज मला पुसायची, माझ्यावर कुंदाने शाळेत विणलेलं क्रोशाचं झाकण घालायची. फक्त एक केलं तिने. आपलं निवडण-टिपण, शेंगा फोडणं, डाळ पाखडणं, सगळं घेऊन ती माझ्या पायाशी येऊन बसायला लागली. माझ्याकडे पाठ करून, पोरांकडे तोंड करून. येणारे-जाणारे हसायचे.

"ओ भिकु, टीवी तुना मांगे शे. तू कथा दखी राहिनी?" तू कुठे बघतेस, असं मंजुळाबाईने एकदा विचारलंच.

"टीवी तुम्ही दखा. मी मनी पोरं दखी राहिनू."

आणि खरंच पाहायची. माझ्या उजेडात पोरांचे चेहरे हसायचे, घाबरायचे, डोळ्यांत पाणी आणायचे. ती त्या चेहऱ्यांवरून सगळा सिनेमा ओळखायची, जसा आवाजावरून खाऊ ओळखावा. कुंदा हसली की ही हसायची, एक पळ उशिरा. कुंदाला ते कधी दिसलं नाही. तिची नजर आईच्या डोक्यावरून थेट माझ्या काचेवर. हात लांब केला तर लागेल एवढं अंतर, आणि तरी माय-लेकीत अख्खा सातपुडा उभा.

मग केबल आली. कार्यक्रमांच्या ठराविक वेळा होत्या, त्यांचे चोवीस तास झाले. चौऱ्याण्णव साली कौतिकने कुठूनशी व्हिडिओ गेमची पेटी आणली आणि वायर माझ्या पाठीत खुपसली. दिवसभर ठुकठुक, धडाम. खेळताना त्याची जीभ बाहेर यायची, अगदी लहानपणी यायची तशी. भिकुबाई शेंगा फोडता फोडता ती जीभ बघत बसायची. "अजून तसाच शे," असं हळूच म्हणायची. कोणाला सांगायची कोण जाणे. बहुतेक मलाच.

शहाण्णव साली माझं चित्र गेलं. आधी मधोमध एक रेघ आली, मग तीही विझली. चोपड्याच्या मेकॅनिकने मागचं झाकण उघडलं, नळी गेली म्हणाला आणि चहा पिऊन निघून गेला. रंगीत टीव्ही आतल्या खोलीत आला, कौतिक तिकडे गेला. कुंदा बारावी झाली आणि धुळ्याला वसतिगृहात राहून कॉम्प्युटर शिकायला लागली. तिकडे तिच्या समोर माझ्याच जातीची दुसरी काच. ओसरीत मी आणि भिकुबाई उरलो. सवयीने ती अजून माझ्या पायाशी बसते, त्याच दिशेला तोंड करून. समोर कोणी नसतं.

गेल्या वर्षी घरी टेलिफोन आला आणि माझ्या डोक्यावर बसला. कुंदाचा फोन रविवारी येतो. तिला अभ्यासाची घाई, मागे वसतिगृहाच्या फोनच्या रांगेत पोरी उभ्या. बरी आहेस का, बरी आहे, जेवलीस का, जेवले. संपला. रिसीव्हर ठेवला तरी भिकुबाई त्यावरचा हात उचलत नाही. तो हात मला लाकडातून जाणवतो. नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर ठेवावा तसाच ठेवते ती.

यंदा गुलाबाई बसली तेव्हा आळीत गाणी म्हणायला तीनच पोरी होत्या. रविवारी दुपारी घरात तुपाचा वास आला. मी चमकलो. दहा वर्षांनी भिकुबाई सांजोऱ्या तळत होती. कशाला? कोणासाठी? तिने त्या धुवट फडक्यात बांधल्या, डब्यात बसवल्या, आणि डबा घेऊन माझ्यापाशी येऊन बसली. संध्याकाळी घंटी वाजली.

"बरी शे का व माय?" पलीकडून कुंदा.

भिकुबाईने बरी-बिरी काही सांगितलं नाही. रिसीव्हर डब्याला लावला आणि डबा हलवला. धप् धप्.

"वळख."

"काय करी राहिनी, माय? मना मांगे पोरी उभ्या शेत."

"राहू दे उभ्या. वळख, काय शे मना डबामा?"

 डबा तिने छातीशी धरला होता. पुन्हा हलवला आणि रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, लाइन कटली. खानदेशातली लाइन, तिचा काय भरवसा! भिकुबाईलाही तेच वाटलं असावं. ती रिसीव्हर कानावरून काढणार, एवढ्यात बारीक आवाज आला.

"सांजोरी."

भिकुबाईने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला.

"माय, त्या दिनबी सांजोरीच व्हती. सिनेमा चालू व्हता तव्हय. मी वळखेल व्हतं."

"मंग बोलनी का बरं नही?"

कुंदाला रडू फुटलं होतं. तिने नाक ओढलेलं मला इकडे ऐकू आलं. "वाटनं, गानं झाल्यावर सांगसू. मंग तू आत चालनी गई."

ओठ हलले होते! मी पाहिलं होतं. दहा वर्षं मी ती गोष्ट पोटात घेऊन बसलो होतो, आणि मला ती कळलीच नव्हती. मागे वळून एक शब्द बोलायचा होता पोरीला. तेवढ्यासाठी माझं गाणं संपायची वाट पाहिली तिने.

भिकुबाईने पदराने डोळे पुसले. मग हसली. "आते वळखं ना? मंग झाकण काढस मी," असं म्हणून तिने फोनजवळ डब्याचं झाकण काढलं, कुंदाला ऐकू जावं म्हणून जरा आवाज करून.

"मना वाटानी ठेव," कुंदा म्हणाली. "शनिवारे येस."

शनिवारी ती दुपारच्या यस्टीने आली. पाय धुऊन थेट ओसरीत. आई माझ्यासमोर भिंतीला टेकून बसली होती, डबा मांडीवर. कुंदा तिच्या पुढ्यात मांडी घालून बसली, सांजोरी मोडली आणि म्हणाली, त्या दिवशी अर्धी राहिलेली गाणी आता पहिल्यापासून म्हण. भिकुबाई एकेक ओळ सांगत होती, कुंदा वहीत उतरवून घेत होती. मध्येच दोघी हसायच्या, एकदमच.

मित्रांनो, आम्हाला पुसा, झाकण घाला, पडलो-बिघडलो तर दुरुस्त करा. आम्हीही घरचेच आहोत. पण कधी मागून कोणी डबा वाजवला, तर गाणं संपायची वाट बघू नका. आम्हाला पाठ दाखवा. आम्हाला राग येत नाही. कुंदाचा चेहरा मी अकरा वर्षं पाहिला. त्या दिवशी पहिल्यांदा मला तिची वेणी दिसली.