हडकुळ्या वर्षाची रेघ

भाचीने फळीवर भिंग ठेवलं आणि ते उचलायलाच तयार होईना. मी व्हायोलिनं बनवते आणि ही फळी चुलीत घालायची म्हणून बाजूला काढली होती. लाकडातल्या वर्षांच्या रेघा सारख्या अंतरावर हव्यात. हिच्यात मध्येच एक वर्ष केसाएवढं बारीक होतं.

"आजारी झाड," मी म्हणाले. हे आमच्या उस्तादांचं वाक्य, मी जसंच्या तसं पुढे चालवते.

"कशावरून? त्या वर्षी उन्हाळाच आला नसेल तर?"

"का, रजेवर गेला होता?"

ती हसली नाही. कुठेतरी दूर मोठा ज्वालामुखी फुटला, की त्याचं धुरकं आभाळात उंच जाऊन पसरतं, वर्ष-दोन वर्षं ऊन अडवतं आणि गारठ्याने झाडांची वाढ खुंटते, असं तिचं म्हणणं. तिच्या प्रबंधाच्या सरांनी ते उडवून लावलं होतं. एका झाडाला कीडही लागते, म्हणाले. दुसऱ्या डोंगरावरच्या झाडात तेच वर्ष दाखव, नाहीतर विषय सोड. उद्या उत्तर द्यायचं होतं.

"दुसऱ्या डोंगराचं लाकूड आहे तुझ्याकडे? असंच, खोट असलेलं?"

"खोट असलेलं सगळं लाकूड चिकटवायच्या सरसाच्या भांड्याखाली जळतं, बाई."

तिचं तोंड एवढंसं झालं. ते बघवेना, म्हणून मी मान फिरवली आणि भिंतीवरचं माझं पहिलं व्हायोलिन दिसलं. त्याचं लाकूड दरीपलीकडच्या डोंगरावरचं, या फळीचं अलीकडच्या. फळी उभी चिरून पुस्तकासारखी उघडतात आणि मधोमध जोडतात, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक रेघ आहे. "तुला लाकूड कळत नाही," उस्ताद म्हणाले होते. मी ते कधी कुणाला विकलं नाही.

भाचीने त्यावर भिंग सरकवलं. दोन रुंद वर्षं, मग ते हडकुळं, मग तीन अशक्त, पुन्हा रुंद. फळीवरही तेच. मी स्वतः दोनदा बघितलं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो.

"वाजतं कसं गं हे?"

"सुरेख वाजतं," मी म्हणाले. हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं.

"मावशी, अशा किती फळ्या जाळल्यास?"

मी सरसाचं भांडं उतरवलं, चिमट्याने चुलीतली अर्धी जळालेली फळी ओढून काढली, पाण्यात विझवली आणि तिच्या भिंगाखाली ठेवली.