कांदेनवमीनंतर

आभाने कांद्याच्या चकत्या जाळीवर पसरल्या, झाकण लावलं आणि बटण दाबलं. आतला पंखा घरघरू लागला. कडेवरच्या मनूने आईच्या खांद्यात तोंड लपवलं.

दिराने मस्कतहून आणलेलं ते डीहायड्रेटर वर्षभर माळ्यावर पडून होतं. पनवेलच्या पावसाळी हवेत काही वाळवायचं तर तेच हवं. आजची कांदेनवमी झाली की चातुर्मासभर घरात कांदा बंद.

"वाळला की तो कांदा राहत नाही गं," पलंगावरून सासरे, कृष्णकांत, म्हणाले. "सुकामेवा होतो. शास्त्र आहे."

"कुठलं शास्त्र?" सासूबाई देवापुढून कडाडल्या. "टायफॉइडातून उठलात ते माझ्या नवसानं. चातुर्मास कडक पाळीन म्हटलंय मी. तुमच्या जिभेपायी देवाला फसवू?"

"नवस तुझा, मग उपाशी मी का?"

ते हसले. अंगावरचा सदरा सैल झाला होता. अन्न पोटात गेलं नाही तर पुन्हा दवाखाना, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि कांद्याशिवायची आमटी ते दोन घासांत बाजूला सारत.

संध्याकाळी चकत्या कुरकुरीत झाल्या. घरभर गोडसर, करपट वास पसरला. पुढे कित्येक वर्षं तो वास आला की आभाला मनूचं जावळ आणि ते घर आठवायचं.

"यांच्या ऑफिसच्या डब्याला होईल, आई," ती बरणी भरताना म्हणाली.

"गॅलरीत ठेव. माझ्या ओट्यावर नको."

एकादशीनंतर सासऱ्यांचं ताट रोज तसंच परत येऊ लागलं. मग एके दिवशी वाटी रिकामी आली. दुसऱ्या दिवशीही. बरणीतला कांदाही डब्याला लागायचा त्याहून जास्त उतरत होता. पण आधाराशिवाय त्यांना गॅलरीपर्यंत जाता कुठे येत होतं?

एका दुपारी मनूला निजवून आभा स्वयंपाकघराच्या दाराशी आली. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या, सासऱ्यांच्या वाटीवर तळहातांत काहीतरी चुरत. मग त्यांनी साबणाने हात धुतले. पुन्हा धुतले. सकाळची अंघोळ झालेली असूनही न्हाणीघरात जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं.

आभा पावलं न वाजवता मागे फिरली.

"आज आमटी झकास," जेवताना सासरे म्हणाले.

"आईंनी केलीय," आभा म्हणाली.

सासूबाईंनी वर पाहिलं नाही. "आभा, उद्यापासून माझं रात्रीचं टाकू नकोस. चातुर्मासभर एकच वेळ जेवीन."

"हे काय नवीन काढलंस?" सासऱ्यांनी विचारलं.

"सहज," म्हणत त्यांनी नवऱ्याच्या भातावर आणखी एक पळी आमटी ओतली.