भाऊसाहेबांसमोरची खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. मला मान असती, तर आज ती खाली घातली असती.

माझा जन्म नाशिक रोडच्या कारागृहात, सुतारकाम शिकलेल्या एका कैद्याच्या हातून झाला. तिथून मी जवळच्याच एका शाळेच्या कार्यालयात आले. रंगनाथ भाऊसाहेब तिथले कारकून. दाखले, बाकांची दुरुस्ती, पाण्याची टाकी, सगळं त्यांच्याच गळ्यात. तरी कोणी पालक आला, की पेन खाली ठेवून माझ्याकडे हात करत म्हणायचे, "आधी बसा, मग बोला." घाबरत आलेली माणसं माझ्यावर टेकली, की मोकळेपणी बोलू लागायची. मला त्याचा भारी तोरा होता.

भाऊसाहेब निवृत्त झाले आणि ललित सर आले. दारावर 'व्यवस्थापक' अशी पाटी लागली. माणूस वाईट नाही हो. त्यांनी गळकं छत नीट केलं, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आणलं, स्कूलबस सुरू केल्या. पण पालकांची सगळी कामं मोबाइलवर गेली आणि माझ्यावर नव्या कॅमेऱ्यांची खोकी आली. एवढ्या महागाच्या वस्तू अंगावर मिरवताना मला बरंच वाटलं. आता त्याचीच लाज वाटते.

एके सकाळी दुसरीतल्या मनालीची आजी, वत्सलाबाई, आल्या. "सर, बस आता हायवेच्या पलीकडं थांबते. मी कामावर गेल्यावर पोर एकटीच रस्ता ओलांडते. लय भेव वाटतं."

"आजी, ॲपवर तक्रार टाका, मग बघतो," सर संगणकावरून नजर न काढता म्हणाले.

"मला नाय जमत ते."

"शेजारी कोणाला तरी सांगा ना."

वत्सलाबाईंनी बसायला जागा शोधली. माझ्यावर खोकी होती. त्या जरा वेळ उभ्या राहिल्या आणि निघून गेल्या.

त्याच आठवड्यात हायवे ओलांडताना मनालीला दुचाकीनं उडवलं. जीव वाचला, पण पाय मोडला.

सर मनालीला बघायला दवाखान्यात जाऊन आले. आल्याआल्या त्यांनी बसच्या चालकाला फोन करून बस अलीकडे थांबवायला सांगितली. माझ्यावरची खोकी स्वतः उतरवली, रुमालानं मला पुसलं. मनालीच्या रजेचा अर्ज घेऊन वत्सलाबाई आल्या, तेव्हा ते उठून उभे राहिले. "बसा ना, आजी. चुकलं माझं."

"राहू द्या, सर," त्या दाराशीच थांबल्या. "त्या दिवशी उभ्यानंच बोलले, आजबी उभ्यानंच बोलते."

मित्रांनो, दाराशी आलेल्या माणसाला आधी बसायला द्या आणि त्याचं म्हणणं संपेपर्यंत ऐका. मी आता रोज रिकामी असते. वत्सलाबाई अजून बसलेल्या नाहीत.