काराबालिकची गाभोळी

समेटाच्या जेवणाला तोक्तारने मासे आणले. तेही काराबालिक, गाभोळीने फुगलेले! लाज कोळून प्यायलेल्या माणसाला काय बोलायचं? वर्षापूर्वी याच माशांसाठी त्याने ओढ्यात बॅटरीच्या तारा सोडल्या होत्या, आणि खालच्या वळणावर उलबोसिनचा पोरगा असिलखान गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याला बाहेर काढला तेव्हा आजूबाजूला मासे उताणे तरंगत होते.

म्हाताऱ्यांनी निवाडा दिला की तोक्तारने उलबोसिनच्या घरी जेवावं. मीठ खाल्लं की वैर संपलं. ती लगेच हो म्हणाली, तेव्हाच कुणाला तरी शंका यायला हवी होती.

एकेकाळी बाल्काश तलावात काराबालिक मावत नव्हता. मग बाहेरून आणलेला दातेरी मासा तलावात सोडला गेला आणि त्याने पिल्लं फस्त केली. उरलेसुरले डोंगराकडच्या ओढ्यांत चढले. तिथेही चार-पाच वर्षं वाढल्यावर कुठे मादी गाभोळी धरते आणि वसंतात गोट्यांवर अंडी घालते. गाभोळी विषारी, पोटातला काळा पापुद्राही विषारी. देवाने लेकरांना एवढी राखण दिली, पण तारेपुढे ती काय कामाची!

पोट घासून काढावं आणि गाभोळी खोल पुरावी, हे गावातल्या प्रत्येक पोरीला येतं. उलबोसिनने त्या दिवशी पुरली नाही. रश्श्यात घोटली.

"आपा, पोट नीट घासलंत ना?" बसता बसता तोक्तारने डोळा मारला. "नाहीतर मलाही असिलखानशेजारी झोपवाल!"

"बस. वाढते."

तेवढ्यात मागून त्याची आई, जमालखान, आत आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. असिलखानच्या मयताला स्वतःचे गाल ओरबाडून रडली होती ती हीच. ती टेकली, बिस्मिल्ला म्हणाली आणि वाटी ओठांकडे नेली.

उलबोसिनने वाटी हातातून उडवली. मग अख्खी कढई चुलीत पालथी केली.

"गाभोळी होती त्यात," ती तोक्तारला म्हणाली. "आईच्या पुण्याईने वाचलास, मेल्या. आता जिथे जेवशील तिथे विचार करत बस, पोट कुणी घासलंय आणि कुणी नाही."

तोक्तार हसायला गेला, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते.

आमच्याकडे वाढलेलं नाकारणं म्हणजे घराच्या तोंडावर थुंकणं. गावाने हे बरोबर हेरलं. त्या उन्हाळ्यात तोक्तारला नवरदेवाला येत नाहीत एवढी बोलावणी आली, आणि घरोघरी मासेच.

"घे की रे, लाजतोस काय? तार आणू टोचायला?"

घास त्याच्या तोंडात फिरत राहायचा, खाली उतरायचा नाही. त्याची गालफडं बसली. उलबोसिन ते बघायची आणि तिला बरं वाटायचं. खोटं कशाला सांगा!

पानगळीत जमालखान रजई काखोटीला मारून उलबोसिनच्या दारात आली.

"काय झालं, आपा?"

"आता घरीसुद्धा पहिला घास मला चाखायला लावतो गं. मी मरत नाही असं दिसलं की मग जेवतो."

उलबोसिनने रजई घेतली आणि असिलखानच्या पलंगावर पसरली. संध्याकाळी तोक्तार आला, तेव्हा ती उंबऱ्यात आडवी उभी राहिली.

"माझी आई दे."

"देते की. आधी माझं पोर आण."